आमच्या सोसायटीचा सामायिक किराणा : प्रकल्प नोंदी, मार्च ते जुलै २०२०

१४ मार्च, शनिवार

आजपासून सुरुवात. काम एवढंच की सोसायटीतल्या ८४ फ्लॅटना महिनाभर जे लागतं, किराणा, साबण, रोजची औषधं, त्याची एकच यादी करायची, माल एकत्र मागवायचा, आणि प्रत्येक घराने वेगळं धावत जाऊन सिंहगड रोडवरची दुकानं रिकामी करायची नाहीत. कमिटीने तोंडी हो म्हटलंय, लेखी नंतर बघू.

सोमवारी ९ तारखेला पुण्यात करोनाचे पहिले दोन पेशंट सापडले, बुधवारी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली, आणि काल राज्याने साथरोग कायदा लावला, १८९७ चा, प्लेगच्या काळातला. मॉल, थिएटर, जिम बंद. हे सगळं पाच-सहा दिवसांत झाल्यामुळे लोक घाबरलेत आणि घाबरलेला माणूस पहिल्यांदा किराण्याच्या दुकानात जातो, हे आज कोपऱ्यावर उभं राहून पाहिलं. पन्नास किलोची तांदळाची पोती स्कूटरवर चाललीत. त्याच रांगेत एक मावशी पाव किलो तूरडाळ आणि पाच रुपयांच्या साबणाच्या दोन वड्या मागत होत्या आणि डाळ संपली होती. त्यांचा पगार होतो दहा तारखेला, तोही दोन-तीन घरांचा मिळून, एकदम महिन्याचं भरायची त्यांची ऐपत कधीच नसते, त्या आठवड्याला नाहीतर रोजच्या रोज घेतात. दुकान रिकामं झालं की सगळ्यात आधी उपाशी राहणारं घर ते, आपलं नाही. म्हणून हे काम.

१६ मार्च, सोमवार

काल रात्री दुकानदार दादांशी बसून सविस्तर बोललो, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे साधारण तीनशे घरं बांधलेली आहेत. रोज त्यातली तीस-चाळीस घरं सामान भरतात, आणि त्याच अंदाजाने ते मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून आठवड्याचा माल उचलतात, कंपनीचा माल डिस्ट्रिब्युटरचा माणूस ठरलेल्या वारी टाकून जातो. मागे गोडाऊन म्हणजे एक दहा बाय दहाची खोली, त्यात तेलाचे डबे, साखरेची पोती आणि त्यांची गणपतीची आरास.

आता हिशोब करा. एका संध्याकाळी तीनशेपैकी दीडशे घरं आली आणि प्रत्येकाने फक्त दोन किलो डाळ जास्तीची घेतली, तर झाली तीनशे किलो, म्हणजे तीस किलोच्या दहा गोण्या. यात साठेबाज कोणीच नाही, प्रत्येकाने दोनच किलो घेतली. पण फळी रिकामी झाली, ती रिकामी फळी पुढच्याने बघितली, त्याने चार किलो घेतली, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि उरलेली दीडशे घरं पण खाली उतरली. देशात डाळ कमी नाही, गहू-तांदूळ तर अन्न महामंडळाच्या गोदामांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडलाय. जे कमी आहे ते म्हणजे गोदामातून कोपऱ्यापर्यंत यायला लागणारे दोन-तीन दिवस, आणि ते आपण एका संध्याकाळी खाऊन टाकतो.

सी विंगमधल्या ताईंची बहीण मेलबर्नला असते, तिकडे टॉयलेट पेपरवरून भांडणं झाली म्हणे. तो कागद बराचसा तिथेच बनतो, कारखाने चालू होते, तरी फळ्या रिकाम्या. जागा जास्त खाणारी वस्तू, दुकानात थोडीच मावते, दहा जणांनी उचलली तरी अख्खा कोपरा ओस दिसतो आणि मग बघणाऱ्याचा धीर सुटतो. आपल्याकडे ती जागा पिठाच्या पिशव्या आणि मॅगी घेणार असं दिसतंय.

फॉर्म बनवला. रकाने: माणसं किती, लहान मुलं, साठच्या वर कोण, रोजची औषधं, गॅस सिलेंडर एक की दोन, घरात आत्ता किती दिवसांचं सामान आहे. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

२० मार्च, शुक्रवार

७१ फॉर्म आले. बऱ्याच घरांत आत्ताच तीन आठवड्यांचं सामान आहे आणि तीच घरं सगळ्यात जास्त घाबरलेली आहेत! उलट ज्यांच्याकडे चार-पाच दिवसांचं आहे, एकटे राहणारे आजी-आजोबा, तीन मुलांचा तो आयटीवाला फ्लॅट, त्यांनी यादीत निम्म्याहून कमी लिहिलंय. म्हणून वाटप मागणीवर करायचं नाही, घरात काय आहे ते वजा करून करायचं. यावर मीटिंगमध्ये (पार्किंगमध्येच, लांब लांब उभे राहून) बराच वाद झाला. एक काका म्हणाले माझे पैसे, माझं घर, मी सहा महिन्यांचं भरीन. भरा ना, पण मेमध्ये भरा, आवक सुरळीत असताना. या आठवड्यात नको. मला साठा करण्याचं वावडं अजिबात नाही, आपल्या आया-आज्या दर उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायच्या आणि त्यात कोणाच्या तोंडचा घास जात नव्हता कारण ते सुगी झाल्यावर, बाजारात माल ओसंडून वाहत असताना भरलं जायचं.

ए विंगमधले आजोबा बाहत्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यात होते. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं सगळं पाहिलेलं. ते म्हणाले, यादी करताय ते ठीक, पण यादीत वॉचमन कुठाय? बरोबर बोलले. तर आता यादी ८४ घरांची नाही, १०३ घरांची. वॉचमन मामा, झाडूवाल्या ताई, इस्त्रीवाले, कचरा नेणारे दोघं आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावश्या. सेम पिशवी, सेम भाव, पैसे जमतील तेव्हा. दान म्हणून वेगळी पिशवी करायची नाही हे मी आग्रहाने लिहून घेतलं.

आजच आदेश निघाला, पुणे-पिंपरीसह मोठ्या शहरांत जीवनावश्यक सोडून बाकी दुकानं ३१ पर्यंत बंद.

२२ मार्च, रविवार

जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला टाळ्या-थाळ्या. दिवसभर एक्सेल.

चार माणसांच्या घराला महिन्याला किती लागतं, यावर फॉर्ममधले आकडे आणि सात-आठ अनुभवी काकूंचं मत जुळवून हे प्रमाण धरलंय: गहू १२ ते १५ किलो, तांदूळ ८, तूरडाळ ३, मूग-मसूर-चणाडाळ मिळून २, तेल ३ लिटर, साखर ३, शेंगदाणे २, पोहे २, रवा १, चहा अर्धा किलो, मीठ १, अंगाचा साबण ६, कपड्यांची पावडर २. लहान मुलं दिवसभर घरात असली की पोहे-रवा-बिस्किटं दीडपट धरायची. मुलं शाळेत खायची ते आता घरात खाणार, माणसं ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायची ती पण घरात जेवणार, त्यामुळे कोणीही जास्तीचं न भरता सुद्धा घरगुती खप वाढणारच आहे. हे कोणी लक्षात घेत नाहीये, दुकानातली टंचाई सगळीच काही घाबरटपणातून येत नाही. हॉटेल-मेसला जाणारा माल मोठ्या पोत्यांत, पंधरा लिटरच्या डब्यांत असतो, तो लगेच एक किलोच्या पाकिटात येत नाही. आपल्याला हे सोयीचं आहे कारण आपण पोतीच घेणार आहोत.

सॅनिटायझर: २०० मिलीला जास्तीत जास्त १०० रुपये असा भाव सरकारने ठरवून दिलाय आणि मास्क-सॅनिटायझर १३ तारखेपासून जीवनावश्यक वस्तूंत घातलेत. तरी ज्यांच्या घरात नळ आणि साबण आहे त्यांना सॅनिटायझरचं कार्टन कशाला लागतं? साबणाने वीस सेकंद हात धुतले की काम होतं. सोसायटीसाठी फक्त गेट, लिफ्ट आणि वॉचमन केबिन एवढ्यापुरतं घ्यायचं. शिवाय ते अल्कोहोल आहे, गॅसच्या शेगडीजवळ लिटर-लिटरच्या बाटल्या ठेवलेल्या दोन घरांत पाहिल्या, त्यांना समजावून बाल्कनीत हलवायला लावल्या.

२४ मार्च, मंगळवार, रात्र

आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण, बारापासून एकवीस दिवस देश बंद. भाषण संपायच्या आत रोडवर गाड्यांचे हॉर्न. दुकान बंद व्हायच्या वेळेला शंभरेक माणसं, अंतर वगैरे काही नाही, एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढे करून नोटा. ज्या आजारासाठी घरात बसायचं तो घ्यायलाच जणू सगळे एकत्र जमले होते. जीवनावश्यक दुकानं चालू राहणार आहेत हे सांगितलं जाईपर्यंत गर्दी उतरलेली होती.

आपल्या सोसायटीतून दहा-बाराच जण गेले असतील. ग्रुपवर साडेआठला एकच मेसेज टाकला होता: पोती शुक्रवारी येतायत, तुमच्या नावापुढे अमुक किलो लिहिलेलं आहे, यादी जोडलीय. माणसाला आपलं नाव आणि त्यापुढचा आकडा दिसला की तो थांबतो असा आजचा अनुभव.

२५ मार्च, बुधवार

गुढीपाडवा. गाठी मिळाल्या नाहीत, श्रीखंडाला चक्का पण नाही. गुढ्या बऱ्याच घरांनी उभारल्या, कडुलिंब आवारातलाच होता.

२८ मार्च, शनिवार

पोती काल येणार होती, आली नाहीत. टेम्पो आहे, ड्रायव्हर गावाला. दुसरा ड्रायव्हर मिळाला तर भुसार बाजारात हमाल कमी, गाड्या तिथे भरलेल्या उभ्या आहेत पण उतरवायला माणूस नाही. हायवेवरचे ढाबे बंद असल्यामुळे लांबच्या ड्रायव्हरांना जेवायची सोय नाही. पिठाच्या गिरणीवाल्यांचं ऐकलं तर अजून वेगळंच, गहू आहे, गिरणी चालू ठेवायची परवानगी आहे, पण पिशव्या छापणारा कारखाना 'अत्यावश्यक' यादीत नाही म्हणून बंद, मग पीठ भरायचं कशात? एक किलो आट्याच्या मागे किती लोकांचे हात असतात ते या आठवड्यात दिसलं, आणि त्यातले बहुतेक हात आत्ता पायी घराकडे निघालेत. काल रात्री कात्रजच्या बाजूने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं आपल्या दूधवाल्यांनी पाहिली. त्यांनी कुठला साठा करायचा.

वॉचमन मामांची पोलीस पासची झेरॉक्स, टेम्पोचा नंबर आणि माल कुठून कुठे याचं पत्र तयार करून ठेवलं.

३० मार्च, सोमवार

काल केंद्राने राज्यांना कळवलं की आवश्यक-अनावश्यक असा भेद न करता सगळ्याच मालाची वाहतूक सोडा. हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटला मला. आणि आज दुपारी टेम्पो आला!

लोकवन गहू, कोलम आणि थोडा इंद्रायणी (मावळातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट), तूरडाळ, साखर, शेंगदाणे. तेल निम्मंच मिळालं. उतरवायला आपलीच मुलं, मास्क म्हणून आईच्या ओढण्या. वजनकाटा इस्त्रीवाल्यांच्या भावाचा. वाटपाची पद्धत: सकाळी पहिला तास साठच्या वरच्यांसाठी आणि ज्यांना डायबेटिस-बीपी आहे त्यांच्यासाठी, मग विंगप्रमाणे दर पाच मिनिटांनी एक घर. ज्येष्ठांचा तास ही कल्पना मेलबर्नचीच, तिकडच्या सुपरमार्केटांनी ती सुरू केलीय.

गॅस: नवीन नियम असा की मागच्या बुकिंगनंतर पंधरा दिवस गेल्याशिवाय पुढचं बुकिंग होत नाही. चांगलंय. ज्यांच्याकडे एकच सिलेंडर आहे अशी २३ घरं आहेत, त्यांच्यासाठी दोन सिलेंडरवाल्यांची नावं जोडून दिली, अचानक संपला तर कोणाकडे जायचं ते ठरलेलं.

४ एप्रिल, शनिवार

आजची नोंद धान्य टिकवण्याबद्दल, कारण निम्म्या घरांनी आयुष्यात पहिल्यांदा पंधरा किलो गहू एकदम घरात आणलाय आणि रोज तेच प्रश्न येतायत.

गहू: गच्चीवर जुनी चादर पसरून दोन दिवस कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. मग महत्त्वाचं, घरात आणून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि सोंडे व्हायला तेवढी ओल पुरते. डब्याला तळाशी आणि मध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. बिब्बे मिळाले तर चार-पाच, पण ते हाताला लागले की अंगावर उठतं, मुलांच्या हाती पडू देऊ नका. तूरडाळ-मूगडाळीला एरंडेल तेलाचा हात चोळायचा, अगदी पुसटसा. रवा कोरडा भाजून बरणीत, भाजलेला रवा दोन महिने हलत नाही. फ्रीजरमध्ये जागा असेल तर मैदा-रवा-बेसन दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग बाहेर काढा, आतली अंडी मरतात. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे, आमच्याही घरी होती, पण लहान मुलं असलेल्या घरांनी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या, सेल्फॉस वगैरे, फ्लॅटमध्ये अजिबात नको. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. गोदामात वापरायची गोष्ट आहे ती. एका घरात गावाकडून आलेली पुडी होती, काढून घेतली.

पीठ विकत घेऊन साठवू नका, गहू साठवा. गहू नीट ठेवला तर वर्ष काढतो, पीठ उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात कडवट होतं. सोसायटीत पाच घरांत घरघंटी आहे, त्यांनी आळीपाळीने वेळ दिलीय, डबा दाराबाहेर ठेवायचा, नाव लिहून, तासाभराने न्यायचा. विजेचे पैसे किलोमागे ठरवून दिलेत. बाहेरच्या गिरणीसमोरची रांग आपल्यापुरती गेली.

९ एप्रिल, गुरुवार

पेठा आणि कोंढवा वगैरे भाग सील झाले सोमवारी रात्रीपासून. कालपासून मास्क सक्तीचा. आपल्या दोन मावश्या सील झालेल्या भागात आहेत, त्यांच्या पिशव्या तिथल्या कार्यकर्त्यांमार्फत पोचवल्या, फोनवर खात्री केली.

रेशनबद्दल बरीच धावपळ. ज्यांचं नाव अन्नसुरक्षा यादीत आहे त्यांना एप्रिलपासून तीन महिने माणशी ५ किलो धान्य फुकट आहे, नेहमीच्या धान्याशिवाय वेगळं. हे मावश्यांपैकी निम्म्याजणींना माहीत नव्हतं. वॉचमन मामांचं कार्ड बीड जिल्ह्यातलं, पण ऑनलाइन झालेलं असल्यामुळे राज्यात दुसरीकडे पण धान्य उचलता येतं, ते त्यांना इथल्या दुकानात मिळालं. शिवभोजन थाळी पाच रुपयांना केलीय, जवळचं केंद्र कुठे तो पत्ता नोटीस बोर्डवर लावलाय. हे सगळं 'आपल्या' यादीत कशाला असं एकाने विचारलं. कारण या १९ घरांच्या पोटाची सोय झाली की आपली सामायिक पिशवी हलकी होते आणि त्यांच्या हातात दोन पैसे राहतात, याहून मोठं कारण मला लागत नाही.

औषधं: बीपी, शुगर, थायरॉइड, दम्याचे पंप. प्रत्येकाला एक महिन्याचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन (मलेरियाची गोळी, करोनावर चालते असं सध्या बोललं जातंय) मागणारे तिघं होते, नाही म्हटलं. ते गेल्या महिन्यात चिठ्ठीशिवाय विकायला बंद केलंय आणि बी विंगमधल्या काकूंना संधिवातासाठी ते खरंच लागतं, त्यांना चार मेडिकल फिरून एक पट्टी मिळाली. ज्याला आजार आहे त्याच्या तोंडची गोळी आहे ती.

१५ एप्रिल, बुधवार

लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढला. या वेळी गर्दी नाही, हॉर्न नाही. दुसरी ऑर्डर आधीच दिलेली होती.

भाजी: जुन्नर-खेडकडच्या शेतकरी गटाचा टेम्पो आठवड्यातून दोनदा गेटवर येतो. पाच किलोची मिश्र पिशवी, त्यात काय येईल ते आपल्या हातात नाही, भोपळा आला तर भोपळा. कांदा-बटाटा-लसूण वेगळा. मेथी-कोथिंबीर साठवायच्या भानगडीत पडू नका, आठवड्याच्या पुढे भाजी घेतली की सडते आणि तिकडे शेतकऱ्याला वाटतं मागणी खूप आहे, मग पुढच्या खेपेला कोणी घेत नाही. साठवायची भाजी म्हणजे लाल भोपळा, सुरण, कांदे, आणि मोड आणायला कडधान्यं.

२६ एप्रिल, रविवार

अक्षय्य तृतीया. देवगडहून हापूसच्या पेट्या थेट आल्या, पणन मंडळाने बागायतदार आणि शहरातल्या सोसायट्या जोडून द्यायची सोय केलीय त्यातून. ६४ पेट्या. कोकणातल्या माणसाचा अख्खा वर्षाचा पैसा या सहा आठवड्यांत असतो आणि यंदा बाजार समित्या कधी चालू कधी बंद, निर्यात जवळजवळ ठप्प. पैसे पेटी उतरायच्या आधी पाठवले. या कामात मला मनापासून आनंद झाला असा हा एक दिवस.

१० मे, रविवार

आता भरा वर्षाचं ज्यांना भरायचंय त्यांनी. आवक व्यवस्थित आहे, नवा गहू आलाय, दुकानदार दादांच्या फळ्या भरलेल्या आहेत. ते सहा महिनेवाले काका आज तीन पोती घेऊन गेले आणि कोणाची काही हरकत नव्हती.

केशरी कार्डवाल्यांना मे-जूनला माणशी ३ किलो गहू आठ रुपये किलोने आणि २ किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळणार, सोसायटीतली पण काही घरं यात बसतात, लाजू नका, घ्या.

गच्चीवर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या. वर्क फ्रॉम होम करणारी पोरं मीटिंग म्यूट करून कावळे हाकलतायत.

३ जून, बुधवार

निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या बाजूने आत आलं, इकडे सकाळपासून वारा-पाऊस, रोडवर झाडं पडली, लाईट नाही. कालच क्लब हाऊसमधली पोती फळ्यांवर चढवून भिंतीपासून लांब केली होती आणि खिडकीला प्लास्टिक लावलं होतं. एक तांदळाचं पोतं खालून ओलं झालं, ते लगेच वाटून टाकलं. कोकणातले आंबेवाले दादा फोनवर लागत नाहीयेत.

६ जून, शनिवार

काल केंद्राने अध्यादेश काढला, जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल. धान्य, डाळी, तेलबिया, खाद्यतेल, कांदा, बटाटा यांच्यावर साठ्याची मर्यादा आता फक्त युद्ध, दुष्काळ, फार मोठी भाववाढ अशा असाधारण परिस्थितीतच. ग्रुपवर दोन्ही बाजूंनी बोललं जातंय. माझं म्हणणं, प्रश्न घरातल्या पंधरा किलोचा नसतो, हजारो पोती दाबून ठेवणाऱ्याचा असतो, आणि त्याच्यावर नजर ठेवायचं साधन अशा वर्षात ढिलं करावं हे मला पटलेलं नाही.

आंबेवाल्यांशी बोलणं झालं. माणसं सुखरूप, कलमं पडलीत.

१ जुलै, बुधवार

मास्क-सॅनिटायझरचा जीवनावश्यक दर्जा काल संपला, पुढे वाढवला नाही. दोन्ही आता हवे तेवढे मिळतात, आपला साठा गेटपुरता पुरेसा. तिमाहीचा हिशोब ऑडिटरकाकांना दिला. १९ घरांपैकी चौघांचे पैसे येणं बाकी, मागायचे नाहीत असं ठरलंय. दोघीजणींचं काम अजून चालू झालेलं नाही, ज्या घरांनी त्यांचा पगार थांबवलाय त्यांच्याशी मी स्वतः बोलतोय.

११ जुलै, शनिवार

काल जाहीर झालं, सोमवारी मध्यरात्रीपासून पुणे-पिंपरीत पुन्हा दहा दिवस कडक लॉकडाऊन. आणि पहिले पाच दिवस किराणा सुद्धा बंद, फक्त दूध आणि औषधं! मार्चपेक्षा हे कडक आहे. आज सकाळपासून बाहेर पुन्हा तीच झुंबड, दारूच्या दुकानापासून ते डी-मार्टपर्यंत.

आपली नोंदवही: १०३ पैकी ९६ घरांत दहा दिवस पुरेल एवढं आहे. राहिली सात. चार घरं नुकतीच राहायला आलेली भाडेकरू पोरं, ज्यांच्याकडे कुकर सुद्धा एकच आहे, आणि तीन मावश्यांची. सातही पिशव्या क्लब हाऊसमधल्या शिल्लक मालातून दुपारी दोनपर्यंत गेल्या. दुकानदार दादांना फोन करून सांगितलं, आमच्याकडून आज कोणी येणार नाही, तुमच्याकडचं सुटं, पाव किलो-अर्धा किलोवालं गिऱ्हाईक आधी घ्या. ते म्हणाले मागच्या बाजूला वेगळा काउंटरच लावलाय त्यांच्यासाठी.

१९ जुलै, रविवार

आजपासून किराण्याची दुकानं उघडली. आपल्याकडून रांगेला कोणी नाही.

ए विंगमध्ये एक घर पॉझिटिव्ह, चौघं घरातच क्वारंटाईन. त्यांचं सामान, दूध, कचरा यासाठी शेजारच्या दोन घरांनी जबाबदारी घेतलीय. ऑक्सिमीटर सोसायटीने दोन घेतले, वापरून झाल्यावर पुसून वॉचमन केबिनला परत द्यायचा, घरात ठेवून घ्यायचा नाही.

पुढची ऑर्डर: मंगळवारी श्रावण लागतोय, तेव्हा साबुदाणा, भगर, शेंगदाणे, गूळ मागच्या वेळच्या दुप्पट धरलंय, चणाडाळ आणि खोबरं गणपतीपर्यंत पुरेल एवढं. तेल या वेळी शेंगदाण्याचं हवं की सूर्यफूल ते फॉर्ममध्ये लिहा. नवीन आलेल्या चार घरांतल्या भाडेकरू मुलांनी पण फॉर्म भरायचाय, आणि दुसऱ्या विंगमधल्या नवीन कामाला लागलेल्या मावशींचं नाव अजून कोणी दिलेलं नाही, ज्यांच्याकडे त्या येतात त्यांनी गुरुवारच्या आत द्या, माल शुक्रवारी सकाळी भरायला जातोय.